डाव्या गुडघ्याचं ठिगळ

माणूस माणसावर जळतो हे ऐकून होतो. मी एका जुन्या जीपवरून जळलो, आणि खोटं कशाला बोलू, अजून थोडा जळतोच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदरला पोलीस ठाण्यात मी गस्तीच्या जीपवर ड्रायव्हर होतो. नऊ वर्षं. गाडी माझ्याही आधीपासूनची. सकाळी पुढून हँडल मारल्याशिवाय जागी व्हायची नाही. पहिला गिअर टाकताना दोनदा क्लच दाबावा लागायचा, नाहीतर अशी किंचाळायची की समोरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा. वायरलेसची लांबलचक एरियल वाकवून दोरीने पुढे बंपरला बांधलेली. दोरी सुटली की उत्तनच्या रस्त्याला ती माडाच्या झावळ्या झोडपत जायची.

आणि तिची एक खोड फक्त मला माहीत होती. मागे माणसं भरलेली असली की उतारावर दुसरा गिअर सटकायचा आणि गाडी मोकाट सुटायची. मी डावा गुडघा गिअरच्या दांडीला दाबून धरायचो. त्यापायी माझ्या प्रत्येक खाकी पँटीला डाव्या गुडघ्यावर भोक पडलं, आणि बायकोने प्रत्येकीला ठिगळ लावलं. ती म्हणायची, बाहेर बाई ठेवली असती तर चार शब्द भांडले तरी असते, ह्या लोखंडाशी काय भांडू?

हा दोष मी रजिस्टरमध्ये कधी लिहिला नाही. लिहिला असता तर गाडी महिनाभर वर्कशॉपला पडली असती, परक्या हातांत. चूक होती, पण माझी होती.

मग डोळ्यांच्या तपासणीत मी खालच्या दोन ओळींवर अडकलो. साहेबांनी मला ठाण्यातच वायरलेसच्या टेबलावर बसवलं आणि जीप दिली खारी गावातल्या एकाला. तिशीचा गडी, घरची जुनी मिठागरं होती, उंच, गोड बोलणारा. आम्ही मराठवाड्यातून आलेले. इथला एकेक रस्ता मी विचारत विचारत शिकलो होतो. ह्याला तो जन्मापासून पाठ. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

चार्ज देताना मी यादी वाचत गेलो. जॅक, टॉमी, स्टेपनी, दोर, स्ट्रेचर, चार ढाली, सहा लाठ्या, सायरन, वायरलेसचा माईक. त्याने एकेक वस्तू हाताने चाचपून बघितली, सही केली आणि विचारलं, "दादा, काय सांगायचं राह्यलं न्हाय ना?"

गिअरचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"सगळं यादीत आहे," मी म्हणालो.

टेबलावर बसल्यावर कळलं की जीपमधल्या हवालदाराने माईक दाबला की त्याच्या आवाजामागे इंजिनही ऐकू येतं. हवालदार कुठे पोचलो ते सांगायचा आणि मी ऐकत बसायचो, कितवा गिअर आहे ते. पहिल्याला ती किंचाळली की माझ्या जिवाला थंडावा मिळायचा. रोज वाटायचं, आज गिअर सटकेल, गाडी कुठेतरी बांधाला घासेल आणि साहेब म्हणतील, जुनाच ड्रायव्हर बरा होता. पंधरा दिवसांत तिचं किंचाळणं बंद झालं. त्या दिवशी मी डबा अर्धा तसाच घरी नेला.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी तारोडीहून निरोप आला. एक बाई अडली होती आणि गावात वाहन नव्हतं. जीप उत्तनलाच होती, ती गेली. थोड्या वेळाने सेटवर हवालदार बोलला. बाई आणि घरचे चौघं गाडीत घेतलेत, चढ संपला, आता उतार लागतोय.

मागे पाच माणसं, त्यात एक पोटुशी. साहेब माझ्या पाठीशी फाईल चाळत उभे होते. बोललो तर चार्ज देताना मी दोष लपवला हे साहेबांना कळणार, वर प्रत्येक सेटवर ऐकू जाणार. नाही बोललो तर... मी रोज देवाकडे जे मागत होतो तेच होणार होतं. लाज वाटली हो मला माझी.

मी माईक दाबला. "दुसरा गिअर सटकतो. डाव्या गुडघ्याने दांडी दाबून धर. मी सांगितलं नव्हतं. ओव्हर."

साहेबांच्या हातातली पानं थांबली. मग हवालदाराच्या जागी त्या नव्या ड्रायव्हरचाच आवाज आला, अगदी सावकाश.

"दादा, म्हाईत हाय. चार्ज दिला त्याच दिवशी तुमच्या गुडघ्याचं ठिगळ पाह्यलं. गुडघा लावलेलाच हाय. ओव्हर."

साहेबांनी वाकून माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मी पाय टेबलाखाली घेतला.

बाईला दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. संध्याकाळी साहेबांनी आम्हाला दोघांना समोर उभं केलं. माझी खरडपट्टी काढली, ती मला मान्यच होती. मग त्याला विचारलं, तुला माहीत होतं तर तू तरी रजिस्टरमध्ये का लिहिलं नाहीस? तो खाली बघून म्हणाला, लिहिलं असतं तर गाडी महिनाभर वर्कशॉपला गेली असती ना, साहेब.

साहेब हसले. मला हसता आलं नाही. त्याने गाडी नेली, माझं आसन नेलं, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण तो तिच्यावर माझ्यासारखाच जीव लावून बसला होता. ते कुठे ठेवू?

पावसाळ्यानंतर त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठिगळ दिसलं. कोऱ्या कापडाचं, बारीक टाक्यांचं. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, माझ्या सगळ्या पँटींची ठिगळं उसवून टाक.

तिने मान वर केली नाही. "उसवून काय उपयोग," ती म्हणाली, "खाली भोकच आहे."