मास्तरांची विमानाची पँट

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना पँट्स शिवून दिल्या आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना मनातल्या मनात नावं ठेवली. पोट सुटलं म्हणून पँट बेंबीखाली घालणारा माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. विमानाने जाणाऱ्यांवर तर खास राग. "झोपायच्या पायजम्यात परदेशी निघतात," टेप गळ्यात अडकवून ते म्हणायचे, "घरात आरसा नाही का यांच्या?" अर्थात हे सगळं ऑपरेशनच्या आधीचं.

अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. डॉक्टरांनी पोटावर डाव्या अंगाला एक लहानसं तोंड केलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. पोटातलं सगळं आता त्या पिशवीत. आणि जागा तरी कुठली? नेमकी पँटची कंबरपट्टी बसते तिथली. मास्तरांनी त्या पिशवीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. बायको सकाळ-संध्याकाळ ती साफ करायची, तेव्हा हे मान वळवून पंख्याची पाती मोजत पडायचे. पाती तीनच होती, पण पुरायची.

दुकानात जाणं बंद झालं, शिलाई मशीन घरी आलं. कुणी विचारलं तर "पाठ धरलीय" असं सांगायचं. मास्तर कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे गेले नाहीत. चारचौघांत पिशवी सुटली तर? वास आला तर? या दोन प्रश्नांनी त्या धट्ट्याकट्ट्या माणसाला पार घरकोंबडा करून टाकलं होतं.

अशात परदेशी असलेल्या लेकीला मुलगी झाली. तीन महिने नातीला फोनवरच बघणं चाललं होतं. एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही जमलं यायला तर मी समजू शकते." तिने हे अगदी समजूतदारपणे म्हटलं. ती रडली असती, भांडली असती, तर नाही म्हणणं सोपं होतं. पण पोरीने वाट बघणं सोडलं होतं. आत्ता गेलो नाही तर कधीच जाणार नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि त्यांनी तिकिटं काढायला सांगितली.

मग प्रश्न आला, घालायचं काय?

बायकोने सरळ मार्ग सांगितला. "नाडीचा पायजमा घाला, वर सैल झब्बा. सात तास बसायचंय."

"म्हणजे दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसू? विमानतळावर जावई घ्यायला येणार आहे."

पहिली पँट त्यांनी सवयीने शिवली, कंबरेला चोख. घालून खुर्चीवर बसले आणि पट्टी पिशवीवर अशी रुतली की ते भाजल्यासारखे उठले. दुसरी उंच केली, थेट फासळ्यांखाली. आरशात पाहिलं तर सर्कशीतला विदूषक बरा. तिसरीच्या पाठीमागे इलॅस्टिक घातलं, पुढे चुण्या सोडल्या, डाव्या बाजूला आतून मऊ सुती अस्तराचा खिसा केला. पिशवी त्यात अलगद बसली. रंग गडद निळा, म्हणजे डाग पडला तरी लगेच कळू नये. वरून सैल शर्ट, न खोचता. सुरकुती न पडणारं कापड. ही पँट घालून ते घरात दोन तास बसले, उठले, वाकले. बायको म्हणाली, "छान दिसताय हो." त्या दिवशी ते जेवले नीट.

आणि दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. बिचाऱ्याला पिशवीचं काही ठाऊक नव्हतं. विमानाच्या गमती सांगता सांगता तो म्हणाला, "भाऊजी, बिस्किटाचा पुडा वर गेल्यावर असा टम्म फुगतो! मला वाटलं आता फुटतोय."

मास्तरांनी चहा अर्धाच खाली ठेवला. बायकोने लगबगीने विषय बदलला, पण व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरांकडच्या नर्सबाईंनी फोनवर समजावलं, की पिशवीतून हवा जायला जागा असते, फुगलीच तर संडासात जाऊन हवा सोडायची. यातून मास्तरांनी एवढंच ऐकलं, की फुगू शकते. आणि विमानाच्या संडासात एकच माणूस मावतो. म्हणजे बायको आत येणार नाही. निघायच्या आदल्या दिवसापासून त्यांनी अन्न तोडलं, पाण्याचे घोट मोजून घेतले. बायको ओरडून दमली.

विमानतळावर ते तपासणीच्या रांगेत उभे राहिले. एक चूक त्यांनी करून ठेवलीच होती. बायको बटण लावा म्हणत होती, पण बटणाची पँट म्हणजे कच्चं काम, म्हणून या गृहस्थांनी पुढे दोन दणकट लोखंडी हुक लावले होते. तपासनीसाने हातातलं यंत्र कंबरेवरून फिरवलं आणि ते किंचाळलं.

"काय आहे?"

"हुक आहेत. पँटचे."

तपासनीस मिशा पिकलेला, कंटाळलेला माणूस होता. त्याने शर्टावरून नजर फिरवली. "आणि ते डावीकडे फुगलेलं?"

डॉक्टरांची चिठ्ठी बायकोच्या पर्समध्ये, बायको बायकांच्या रांगेत पलीकडे. तपासनीसाने त्यांना पडद्यामागे नेलं. परत फिरावं, घरी जावं, लेकीला सांगावं की पाठ धरली, हे सगळं एका क्षणात त्यांच्या मनात येऊन गेलं. तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं, आणि तेही दुकानातल्या ठणठणीत आवाजात.

"पोटाचं ऑपरेशन झालंय! संडासाची पिशवी आहे!"

पडद्याबाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं असावं. तपासनीस मात्र हलला नाही. "बरं. मी हात लावत नाही. तुम्हीच शर्टावरून तिच्यावर हात फिरवा, मग मी तुमचा हात पुसून तपासतो, स्फोटकं-बिटकं नाहीत ना ते."

"मी?"

"पोट तुमचंच आहे ना?"

मास्तरांचा हात हवेत थांबला. हजारो लोकांच्या कंबरांना बिनदिक्कत लागलेला तो हात स्वतःच्या पोटाकडे जाईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी तळवा टेकवला. काही फुटलं नाही. पिशवी कोमट होती, आणि तिच्याखाली पोट आपलं हळूच हलत होतं. उपाशी ठेवलेलं, घाबरवलेलं, तरी मुकाट काम करणारं.

"पूर्ण फिरवा," तपासनीस म्हणाला. त्यांनी फिरवला. त्याने कापडाच्या तुकड्याने तळवा पुसला, कापड यंत्रात घातलं. "झालं. जा."

बाहेर बायको त्यांचे बूट हातात घेऊन उभी होती. "अहो, काय केलं त्यांनी? केवढे पांढरे पडलात!"

"त्यांनी काही नाही केलं. मीच हात लावला."

"कशाला?"

"पिशवीला."

बायको बाकावर मटकन बसली. बूट मांडीवर तसेच. डोळे पुसत म्हणाली, "अकरा महिने मान फिरवून पडायचात. मला वाटायचं, माझंच तोंड बघवत नाही तुम्हाला. मी काहीतरी चुकीचं करते."

हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. इतके दिवस घरात घाबरलेलं माणूस एकच आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. भीती कुठे गेली नव्हती. विमान लागलंय अशी घोषणा चालू होती. ते तिच्याशेजारी टेकले.

"अगं," ते म्हणाले, "ती कशी उघडायची ते सांग मला. आत्ताच सांग. मी बघतो."