लीलाबाई सोडून सगळ्यांना

फुलचूरच्या चेतनाला कुणी न विचारता काही घेतलेलं खपत नाही. त्यात तिचा दोष नाही, तिचं पोटच त्यावर चालतं. लोक आपापले प्रोग्राम आणि माहितीचे साठे इंटरनेटवर उघडे ठेवतात. ते इतरांनी वापरायचे की नाही, हे सांगणारी परवान्याची फाईल सोबत ठेवायची असते. अर्धे लोक ती ठेवतच नाहीत, उरलेले भलत्याच नावानं कुठेतरी कोंबून देतात. ती हुडकून काढणारा प्रोग्राम चेतनानं लिहिलाय आणि नागपूरची एक कंपनी तिला त्याचाच पगार देते. परवाना न ठेवणाऱ्यांना ती मेल पाठवते, भाषा सभ्य पण मिरची लागेल अशी.

आता गंमत बघा. या बाईंनी स्वतः चोरखमारा गावाकडच्या धानाच्या जुन्या वाणांचे फोटो गोळा केले. कुठला तांदूळ कसा शिजवायचा हे सासूच्या, म्हणजे जमुनाबाईंच्या, आवाजात जोडलं आणि सगळं नेटवर ठेवलं. ते कृषीच्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या संग्रहात जावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण हे वाण लावणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. संग्रहवाल्यांनी तपासणीला नेमका तिचाच प्रोग्राम लावला. उत्तर आलं, परवाना सापडला नाही.

चेतनाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं. मुदत संध्याकाळपर्यंतच होती. तयार परवान्यांतला एखादा उचलून टाकला असता तर काम झालं असतं. पण आवाज सासूचा, म्हणून ती विचारायला गेली आणि फसली.

"घेऊ दे ना लोकायले," जमुनाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "पर भांडं रिकामं वापस कराचं नाही. काही ना काही टाकूनच द्याचं. लिहून राहिली ना?"

चेतना लिहीत होती. घ्या, भर घाला, आणि ती भरही सगळ्यांना द्या, असा परवाना खरंच असतो. तिला सासूचं फार कौतुक वाटलं.

"आनखी लिही. परतापगडच्या लीलाले नाही."

लीलाबाई म्हणजे जमुनाबाईंची नणंद. दिवाळीत पाठवलेला लाडवांचा डबा तिनं धुऊनपुसून, लखलखीत आणि रिकामा परत केला होता.

"आई, असं एकीलाच वगळता येत नाही. खुला परवाना म्हणजे सगळ्यांना."

"काऊन नाही येत? आवाज माहा होय."

चेतनानं तसंच लिहून बघितलं. प्रोग्राम म्हणाला, परवाना ओळखता आला नाही. स्वतःच घडवलेल्या त्या मेल्याला तिनं मनातल्या मनात शिव्या घातल्या. प्रोग्रामलाच लीलाबाईंचं नाव शिकवावं, असंही तिच्या डोक्यात येऊन गेलं, इतकी ती मेटाकुटीला आली होती.

"आई, लीला आत्यांना वगळलं तर हे संग्रहात जाणारच नाही. तुमचा आवाज कोणी ऐकणार नाही."

जमुनाबाईंचा हात थांबला. "म्हंजे सगळ्यायले देलं, त लीलालेही आयकू येईल?"

"हो."

"पुरा? मधात बोलता येनार नाही तिले?"

"कसं बोलणार? रेकॉर्डिंग आहे ते."

जमुनाबाईंनी लसणाची परडी बाजूला सारली.

"मंग कायले बसून राहिली वं? दे सगळ्यायले. अन् पयले तिले पाठव."