गाणं संपेपर्यंत

गाणं चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियम चष्मेवाल्याने केला तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि नव्या भाऊजींना प्रत्येक गाण्यात आपला गळा मिसळायची खोड होती. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत लटकून काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज भरदार वाटू लागतो, कारण तिथे तो घुमतो. बैठकीच्या खोलीत घुमत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चष्मेवाल्याच्या लाडक्या गायकाची नेमकी हळवी जागा आली आणि भाऊजी त्यात उतरले. टेप मागे नेऊन जागा पुन्हा ऐकता आली असती; झालेला अपमान मागे नेता येत नाही.

"भाऊजी, एक विनंती आहे," चष्मेवाला म्हणाला. "तो गातोय तोवर आपण दोघं मुके."

"आणि नंतर?"

"नंतर काय हवं ते बोला."

"वाट्टेल ते?"

"वाट्टेल ते."

भाऊजी शब्दाला जागले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चष्मेवाला ताईकडे जायचा, दोघं एकेक गाणं लावायचे, पुतळ्यासारखे बसून ऐकायचे, आणि शेवटचा सूर विरतो न विरतो तोच एकमेकांवर तुटून पडायचे. गायकांना ते नावाने ओळखत नसत. नाव घेतलं की आदर दाखवावा लागतो. नदीवरच्या रात्रीचं गाणं गाणारा तो होडीवाला. खर्जात प्रेमाची हार सांगणारा तो तळघर. पहिल्या शब्दापाशी यायलाच ज्यांना अर्धा तास लागे, ते शास्त्रीय गवई म्हणजे सावकाशबुवा. परदेशातला एक जण होता, त्याचा घसा तिसऱ्या कडव्यात फाटायचा आणि फाटलेल्या घशानेच तो घराची किल्ली दगडाखाली ठेवून निघून गेलेल्या बाईला हाका मारायचा. तो किल्लीवाला.

होडीवाला चष्मेवाल्याचा. किल्लीवाला भाऊजींचा.

"तुझा होडीवाला गातोय की पेशंटला भूल देतोय?" भाऊजी म्हणायचे. "चष्मे पुसतोस तसे जरा कान पण पुसत जा."

"आणि तुमच्या त्या किल्लीवाल्याला आधी कुणीतरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या."

"अरे, घसा फाटल्याशिवाय खरं बोलता येतं होय कुणाला?"

दुकानात चष्मेवाल्याचा सगळा दिवस लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलण्यात जायचा. 'आता स्पष्ट, की मघाशी स्पष्ट होतं?' गिऱ्हाईक म्हणेल ते तो निमूट मान्य करी. कुणाचंही काहीही मान्य न करायची मुभा त्याला आठवड्यातून एकदाच, ताईच्या घरी, मिळायची. संसारी माणसाला याहून मोठी चैन परवडत नाही.

गेल्या थंडीत भाऊजी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उजव्या अंगावर कलंडले. इस्पितळातून आले ते काठी घेऊन. पाय हळूहळू उचलू लागला, उजवा हात जेमतेम. वाचा मात्र गेली. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोरचं बोलणं कळायचं, डोळे भांडायचे, पण जिभेवर एकच शब्द उरला होता. 'बरं.' जाता जाता दुखण्याने नेमका तोच शब्द मागे ठेवावा, जो या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता.

इस्पितळात बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ताईला आणि चष्मेवाल्याला समोर बसवून सांगितलं, "बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं सुटं राहतं. त्यांना पाठ असलेलं गाणं लावा. ओळीचा शेवटचा शब्द यायच्या आत थांबवा आणि तो त्यांना म्हणू द्या. एक शब्द सुटला की त्याला धरून पुढचे ओढता येतात."

"गाणी ना? गाण्यांना तोटा नाही," चष्मेवाला उत्साहाने म्हणाला.

"मंगळवारी बघू. काहीच हललं नाही तर मात्र ही वेळ मला दुसऱ्याला द्यावी लागेल. बाहेरची रांग पाहिलीत ना?"

रांग पाहिली होती. रांगेत कुणीच बोलत नव्हतं.

घरी आल्याआल्या त्याने किल्लीवाला लावला. भाऊजींनी डोळे मिटले आणि ओठही. ओळीच्या टोकाशी चष्मेवाल्याने गाणं थांबवलं. "म्हणा भाऊजी, पुढे काय?" ओठ आणखी घट्ट झाले. पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. भाऊजींनी एक डोळा उघडला आणि गाण्याच्या मधे बोट घालणाऱ्या मेहुण्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने गाणं पुढे सोडलं.

गाणं संपलं. आणि संपताक्षणी भाऊजींचं तोंड उघडलं. भुवया वर गेल्या, मान पुढे आली, डावा हात हवेत उठला. मत द्यायच्या आधीचा तो चेहरा चष्मेवाल्याने झोपेतही ओळखला असता. तोही सवयीने सरसावून बसला. भाऊजींचा जबडा काहीतरी चावल्यासारखा हलला, कपाळाची शीर फुगली.

"बरं," भाऊजी म्हणाले. आणि आपल्याच तोंडातून दुसऱ्याचं कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखे बघत राहिले.

मग तळघर झाला, सावकाशबुवा झाले, लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेली गाणी झाली. चालू असताना ओठ बंद, संपल्यावर 'बरं'.

दारात उभी राहून बघणारी ताई शेवटी म्हणाली, "तुला अजून कळलं नाही?"

"काय?"

"तुझा नियम पाळतायत ते. जन्मात बायकोचं एक ऐकलं नाही या माणसाने. ऐकलं ते तुझं!"

चष्मेवाला खुर्ची ओढून भाऊजींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. "भाऊजी, तो नियम रद्द. आजपासून गाण्यात बोलायचं, गायचं, टाळ्या पिटायच्या. माझंच चुकलं होतं. कळलं का?"

"बरं."

त्याने होडीवाला लावला. भाऊजींनी ओठ मिटून घेतले. शहाण्या माणसाला एकदा लागलेलं वळण पुसायला चष्म्याचं फडकं पुरत नाही.

मंगळवारी बाईंच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, एक टेबल आणि भिंतीवर जिभेचं मोठं रंगीत चित्र. बाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं गाणं कोणतं? चष्मेवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं, होडीवाल्याचं. बाईंनी ते लावलं. होडी पाण्यात उतरली, रात्र झाली, ओळ टोकाशी आली आणि बाईंनी बोट दाबलं.

भाऊजी ओठ मिटून बसलेले. बाई वाट बघत होत्या. ताई पदराचं टोक पिळत होती. तो एक शब्द खोलीच्या मध्यावर लोंबकळत होता, आणि चष्मेवाल्याला तो दिसत होता, ऐकू येत होता, घशात टोचत होता. बाहेर रांग सरकल्याचा आवाज आला. त्याच्याने राहवलं नाही. ज्या आवाजात तो स्नानघरातही कधी गायला नव्हता, त्या आवाजात त्याने तो शब्द म्हणून टाकला.

भाऊजींचा डावा हात ताडकन उठला. तर्जनी ओठांवर टेकली. डोळ्यांत असा कडक जाब होता, की आजारपणानंतर प्रथमच सबंध भाऊजी त्या खोलीत हजर झाले.

"तुम्ही नका बोलू हो," बाई म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या."

"बाई, ते... गाणं संपल्याशिवाय ते बोलत नाहीत. म्हणजे आमचा नियम आहे तसा."

"कसला नियम?"

"घरातला."

बाईंनी त्याच्याकडे रुग्णाचा आणखी एक नातेवाईक म्हणून पाहिलं. त्या स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं, आणखी एकदा लावलं. मग उठून भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, घरी सराव चालू ठेवा हं." पुढच्या मंगळवारी ती वेळ दुसऱ्याची झाली.

रविवारी चष्मेवाला नेहमीप्रमाणे गेला. ताईने दार उघडलं आणि आत निघून गेली. त्याने किल्लीवाला लावला. थांबवला नाही. दोघं मुके बसले. तिसऱ्या कडव्यात घसा फाटला, किल्ली ठेवून गेलेल्या बाईला हाका मारून झाल्या, ती आली नाही, गाणं संपलं.

या वेळी भाऊजींनी तोंड उघडलंच नाही. त्यांनी हनुवटी चष्मेवाल्याकडे उडवली. तू बोल.

चष्मेवाला सरसावला. गुळण्यांचा विनोद तयार होता, वर्षानुवर्षं तयारच असायचा. पण तो टाकायचा कुणावर? परतून काय येणार, ते दोघांनाही माहीत होतं. त्याला म्हणायचं होतं की घसा फाटतो तिथे भाऊजींचंच खरं आहे, पहिल्या दिवसापासून खरं होतं, कबूल केलं नाही एवढंच. त्याने तोंड उघडलं. जबडा हलला. भाऊजी मान पुढे काढून वाट बघत होते.

"बरं," तो म्हणाला.

भाऊजींनी नापसंतीने मान हलवली, आणि डाव्या हाताने खूण केली. पुढचं लाव.