मामांची आरण

आमच्या हिच्या मामांइतकी बटाट्याची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात दुसरा नसेल. कुणाच्याही घरी गेले की मामा पाण्याच्या आधी बटाट्याची टोपली मागतात. लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे आले, तेव्हा माझा पगारही न विचारता त्यांनी टोपलीतला एक बटाटा आईपुढे धरला. "ताई, हितं खळगा पडलाय, सालीला वळ्या आल्यात. कोरडी कूज हाय ही." कापला, तर आत पोकळी आणि तिच्यात पांढरी बुरशी! सोयरीक मोडली असंच आईला वाटलं. मामांनी उरलेली टोपली एकेक बटाटा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बाकीचं चांगलं हाय. पोरगी देऊ."

बुरशी जखमेतून शिरते, हे मामांचं ब्रह्मवाक्य. म्हणून काढणीच्या दिवशी ते बंडीच्या गुंडीला नेलकटर बांधून बांधावर उभे राहतात. आधी नखं कापायची, मग सरीत पाऊल टाकायचं. कुदळ लागलेला बटाटा त्याच दिवशी भाजीला जातो. बाकीचे लिंबाखाली पसरायचे आणि साल घट्ट झाली की आरणीत, म्हणजे सावलीत पाचटाने झाकलेल्या ढिगात, ठेवायचे. पाटी टेकवून रिकामी करायची, वरून ओतायची नाही. सख्ख्या भावाने एकदा ओतली, तर मामांनी चारचौघांत विचारलं, "नातवाला पाळन्यात असाच टाकतो का रं?"

लग्नानंतरच्या पहिल्या काढणीला मी हौसेने मदतीला गेलो. जावयाला नखं कापा म्हणणार कसं? मामा नुसतेच नेलकटर चाचपत राहिले. मग मी कमरेच्या उंचीवरून धडाधड पाट्या ओतल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या लागवडीचं सगळं बेणं त्या आरणीत होतं. महिन्याभराने फोन केला, तर मामी हळू आवाजात म्हणाल्या, "रोज आरन उकलून बसत्यात. लई सडलंय. तुमाला सांगू नको म्हनलेत." निम्मं बेणं हातचं गेलं, पण मामा मला चकार शब्दाने बोलले नाहीत. भावासारखे बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं.

यंदा मामांना मोतीबिंदूने गाठलंय. ऑपरेशन मात्र बेणं शेतात गेल्यावरच करायचं म्हणतात. परवा आरणीपाशी ते बोटांनी चाचपून बटाटे निवडत होते, मी शेजारी बसलो होतो. एक सुरकुतलेला बटाटा त्यांनी चांगल्यांत ठेवला. मी तो गुपचूप उचलून खिशात टाकला.

"जावयबापू, खिशातला काढा भाईर," मामा म्हणाले. "आन त्येच्या शेजारचंबी बघा. लागलं असंल."

"कसं कळलं, मामा?"

"उचलल्याचा आवाज आला, ठिवल्याचा न्हाई आला."

मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "म्हंजी माज्या हातनं सुटला," ते पुटपुटले. मी खिशातला बटाटा काढून बाजूला ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी गुंडीचं नेलकटर सोडून माझ्यापुढे धरलं. "आता तुमी निवडा. पर आदी नखं काढा. पयल्या सालापासनं सांगायचं हुतं."

मी तिथेच पाचटावर बसून नखं कापली. दहावा आवाज होईपर्यंत मामा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी बसायचं पोतं माझ्याकडे सरकवलं.