बसभोवतीची फेरी

आर्डिथ रॅटलिफ रेल्वेच्या रुळांपाशी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. मागे कोळशाच्या ट्रकांची रांग लागो, कुणी भोंगा वाजवून जीव काढो, ती आपली पिवळी शाळेची बस थांबवणार, दार उघडणार, खिडकी उघडणार आणि पोरांना दम देणार, "चूप! एकाचाही आवाज येता कामा नये." मग ती कान देऊन ऐके. जराशी शंका आली तरी बस जागची हलत नसे. केंटकीच्या त्या डोंगरांत, जिथे दर वळणाला ओढा आणि दर ओढ्याला रूळ आडवे येतात, तिथे तिने वीसएक वर्षं मुलांची ने-आण केली आणि एकालाही खरचटू दिलं नाही. गावातले लोक तिच्याबद्दल सांगताना आधी हे सांगत. मग आवाज उतरवून म्हणत, "आता म्हणे तिला मास्तरीण व्हायचंय."

तर हो, तिला व्हायचंच होतं. शाळेत एक वर्ग होता सावकाश शिकणाऱ्या मुलांचा. ती मुलं आर्डिथच्या बसमध्ये सगळ्यात आधी चढत आणि सगळ्यात शेवटी उतरत, त्यामुळे त्यांची तिची गट्टी होती. त्या वर्गाची बाई लग्न करून ओहायोला निघाली होती. मुख्याध्यापिका कायझरबाईंनी आर्डिथला बोलावून सरळ सांगितलं, "वर्ग तुझा. ऑगस्टात शाळा उघडायच्या आत पदवी आण. नाही आणलीस तर मला दुसरं कुणी तरी शोधावं लागेल, आणि माझा इलाज नाही."

पदवी जवळजवळ झालीच होती. संध्याकाळचे वर्ग करत करत आर्डिथने वर्षानुवर्षं रेटून ती इथवर आणली होती. राहिलं होतं फक्त जीवशास्त्र, आणि त्याचा तास नेमका पोरांना घरी सोडायच्या वेळेला. त्यावर कॉलेजात एक सोय होती. विषय येत असेल तर वर्गात बसायची गरज नाही. एक परीक्षा द्यायची, पास झालात की त्या विषयाचं क्रेडिट खात्यात जमा. आर्डिथला हे फार पटलं. कुठे शिकलीस हे कुणी विचारत नाही, येतं का एवढंच विचारतात.

तिने उशीएवढं जाड पुस्तक आणलं, पिवळा मार्कर आणला आणि पहिल्या पानापासून रंगवायला सुरुवात केली. मार्चअखेर पुस्तक असं झालं की पांढरी ओळ दाखवा आणि बक्षीस मिळवा. तिचा नवरा होबर्ट कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी आणि जिभेला काही लगाम नाही. पडवीतल्या खुर्चीतून तो म्हणे, "अगं, काही उरलंय का रंगवायचं? नसेल तर पडवीचा कठडा राहिलाय बघ."

"तू तुझ्या कुत्र्यांशी बोल," आर्डिथ म्हणे आणि पान उलटे. वाचताना सगळं ओळखीचं वाटे. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत किती अंतर असतं, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलात तिने परीक्षा दिली. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. पासाला थोडेसेच गुण कमी पडले होते.

कॉलेजच्या परीक्षाखोलीची व्यवस्था ट्रुडी व्हान्स बघायची. लहानपणी ती आर्डिथच्याच बसमधून शाळेत गेलेली, त्यामुळे अजून तिला तिकडच्या रीतीने "मिस आर्डिथ" म्हणायची. ती खुर्ची ओढून जवळ बसली. "मिस आर्डिथ, एवढ्याशासाठी गेलं हो. किती प्रश्न सोडलेत?"

"ज्यांची खात्री नव्हती ते सगळे."

"सगळे? अहो, का?"

"का म्हणजे? खात्री नसेल तर पुढे जायचं नाही. वीस वर्षं मी हेच करतेय."

ट्रुडीने कपाळाला हात लावला. "देवा! मिस आर्डिथ, इथे आगगाडी नाही येत! चुकलं तर एक गुणसुद्धा कापत नाहीत. कोरं ठेवलंत की मात्र मिळायचं तेही गेलं. ठोकून द्यायचं!"

"हे आधी सांगायला तुझं तोंड दुखत होतं?"

"पहिल्या पानावर लिहिलंय. मला वाटलं, वाचलं असेल." ट्रुडी हसू दाबत म्हणाली, "बरं, घरी नमुना परीक्षा दिली होतीत का?"

"अभ्यास पुरा झाल्याशिवाय परीक्षा कशी देणार?"

"तुमचं सगळं उलटं आहे. आधी नमुना परीक्षा, मग अभ्यास. आपल्याला काय येत नाही हे कळल्याशिवाय काय वाचणार, कपाळ?"

नियम असा की नापास झाल्यावर तीन महिने परत बसता येत नाही. म्हणजे जुलै. जुलैत हुकलं की ऑगस्टातला वर्ग गेला. आर्डिथ घरी आली ती तोंड पाडून. ट्रुडीने कारण सांगितलं होतं, पण तिच्या मनाने वेगळंच कारण धरलं होतं. आपण मठ्ठ. शाळेपासूनच मठ्ठ. हात चालतात, डोकं चालत नाही. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आपलं नाव आपल्याला जसं माहीत असतं तसं ते तिला माहीत होतं, इतकंच.

मे महिन्यातली एक सकाळ. तिकडे चालक बस घरीच उभी करतात. निघण्याआधी बसभोवती फेरी मारून एकेका भागावर बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, असा आर्डिथचा शिरस्ता होता. लायसन्सच्या परीक्षेत तसंच करून दाखवावं लागतं. परीक्षक मुक्याने मागे चालतो आणि आपण बोलत जायचं. बाकीचे चालक परीक्षा झाली की ते विसरतात, आर्डिथ विसरली नव्हती. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या चाकापाशी ती बोट ठेवून नुसतीच उभी राहिली.

पडवीतून होबर्टचा आवाज आला. मध्ये मध्ये दम घेत, पण ठणठणीत. "टायर. झीज नाही, फुगवटा नाही. चाकाचे नट सगळे जागेवर, गंज नाही. स्प्रिंगचे पाटे. सरकलेले नाहीत, तडा नाही. ब्रेकची नळी. घट्ट बसलीय, कापलेली नाही, गळत नाही. गळली तर ब्रेक लागायचा नाही आणि सगळे थेट ओढ्यात."

आर्डिथ वळून बघत राहिली. "हे तू कुठे शिकलास?"

"शिकलो? बाई, रोज सकाळी कॉफीबरोबर माझ्या कानात ओततेस. मला नको होतं तरी आलं."

होबर्टने आयुष्यात ती बस चालवली नव्हती, आणि तिच्याबद्दलची एक ओळ वाचली नव्हती. आर्डिथ त्या दिवशी रुळांपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, आणि या खेपेला ती आगगाडीचा कानोसा घेत नव्हती.

शनिवारी तिने नमुना परीक्षा दिली. स्वयंपाकघराच्या टेबलावर, पुस्तक बंद करून. निकाल वाईटच आला, पण वाईट कुठे आहे ते पहिल्यांदा दिसलं. झाडांचं तिला येत होतं, जन्म बागेत गेलेला. आनुवंशिकता तर तोंडपाठ. होबर्टच्या शिकारी कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्या हातांत जन्मल्या होत्या, आणि कुठल्या पिल्लाला कुणाचे कान येणार हे ती आधीच सांगायची. येत नव्हती ती पेशी, आणि शरीराची आतली यंत्रं. म्हणजे अर्धंअधिक पुस्तक तिने उगाच रंगवलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की मार्कर तिने कचऱ्यात टाकला.

शाळेला सुट्टी लागल्यावर बस गॅरेजात गेली आणि अंगणात ती उभी राहायची तो काँक्रीटचा ओटा मोकळा झाला. आर्डिथने खडूने त्यावर पेशी काढली, बसएवढी. होबर्टला खुर्चीसकट कडेला बसवलं, मांडीवर पुस्तक दिलं. "तू परीक्षक. तोंड उघडायचं नाही. चुकले तर काठी आपट."

"हे मला जमायचं नाही."

"जमव."

आणि ती चालू लागली. "हे पेशीचं आवरण. सलग आहे, फाटलेलं नाही. आत कोण येणार, बाहेर कोण जाणार, हे हेच ठरवतं. फाटलं तर पेशी मेली. ही तंतुकणिका. हे इंजिन. साखर आणि प्राणवायू आत, ताकद बाहेर. बंद पडली तर गाडी जागेवर." काठी आपटली की ती थांबे, पुस्तकात डोकावे, आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून. जे पुस्तकाशिवाय बोलता आलं ते आलं, जे नाही ते नाही. मधलं काही उरलंच नाही. एक-दोन आठवड्यांत काठी क्वचितच वाजू लागली. पावसाने पेशी धुतली की ओट्यावर हृदय यायचं, हृदय धुतलं की मूत्रपिंड. रस्त्याने जाणारे गाडी हळू करून बघत आणि होबर्टला हाका मारत, "काय रे, बायको वेडी झाली का?" होबर्ट ओठांवर बोट ठेवून म्हणे, "परीक्षा चालू आहे."

फुप्फुसं आर्डिथने पुढे पुढे ढकलली होती. नमुना परीक्षेत तिथलं एकही उत्तर आलं नव्हतं, तरी ती त्यांच्याकडे वळत नव्हती. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी एका दुपारी, घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन झाल्यावर, होबर्टनेच शर्टाची बटणं सोडली. "खडू कशाला वाया घालवतेस? इथे बोट ठेव."

"नको."

"ठेव म्हणतो ना."

तिने त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "ही श्वासनळी. मोकळी आहे. हिला फाटे फुटतात. टोकाला हे वायुकोश, द्राक्षांच्या घडासारखे. भिंती अगदी पातळ. त्या भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो." ती थांबली.

"बिघडले तर?" होबर्टने विचारलं.

"परीक्षकाने बोलायचं नसतं."

"मी बोलतोय. बिघडले तर?"

"धूळ बसते," आर्डिथ म्हणाली. "भिंती जाड होतात. हवा आत येते, पण प्राणवायू पलीकडे पुरेसा जात नाही. माणूस श्वास घेत असतो आणि तरी गुदमरत असतो."

"बरोबर," होबर्ट बटणं लावत म्हणाला. "अगदी तसंच होतं. पुढे चल."

ती पुढे गेली नाही. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोटभर रडली, आणि त्याने तिला रडू दिलं. मग तोंड धुऊन तिने तीच फेरी अडखळल्याशिवाय पुरी केली. तिचं ते मला इतर कशाहूनही मोठं वाटतं.

जुलैत परीक्षाखोलीच्या काचेतून ट्रुडीला दिसलं की मिस आर्डिथ हवेत बोट फिरवतेय आणि तिचे ओठ चाललेत. ट्रुडीने आत येऊन कानाशी सांगितलं, "ओठ हलवा, पण आवाज नको." आर्डिथने मान डोलावली. तिच्या डोळ्यांपुढे ओटा होता, आणि ती त्याभोवती चालत होती. शेवाळाच्या एका प्रश्नापाशी मात्र ती खरोखर अडली. हात आपोआप मागे आला. मग "मेलं ते शेवाळ" असं पुटपुटत तिने तिसरा पर्याय ठोकून दिला आणि रूळ ओलांडून गेली. एकही प्रश्न तिने कोरा सोडला नाही.

निकाल आला. पासाच्या रेषेच्या कितीतरी वर. ट्रुडीने शिस्त विसरून किंकाळी मारली आणि तिला मिठी मारली. आर्डिथने मिठी मारून घेतली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर पडली.

गाडीत होबर्ट वाट बघत होता. ती आली, चालकाच्या जागेवर बसली आणि दार असं आपटलं की काचा वाजल्या. होबर्टने विचारलं, "गेलं?"

"पास झाले. चांगली पास झाले."

"मग तोंड का असं?"

"कारण मला राग आलाय!" आर्डिथ ओरडली. "आठवीत वर्गाच्या बाईने मला शेवटच्या बाकावर बसवलं. म्हणाली, आर्डिथ, तू इथेच बरी. आणि मी बसले. इतकी वर्षं बसून राहिले रे, होबर्ट! मी मठ्ठ नव्हतेच. मला फक्त उठून फिरू द्यायला हवं होतं!"

होबर्टने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाला, "तू मठ्ठ नाहीस हे मला माहीत होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"लग्न झाल्यापासून सांगतोय. तुला वाटायचं, मी लाडीगोडी लावतोय."

आर्डिथला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी चालू केली.

"घराकडे?" होबर्टने विचारलं.

"कायझरबाईंकडे."

"शाळेला सुट्टी आहे."

"मग त्यांच्या घरी. त्या वर्गातली जास्तीची बाकं काढा म्हणून आजच सांगायचंय त्यांना. मला भिंतीकडेने एकच रांग हवी, आणि मधली जागा सगळी मोकळी."

होबर्टने पट्टा लावला, कारण तो लावल्याशिवाय ती गाडी हलवणार नाही हे त्याला माहीत होतं.