संदर्भ नसलेली दरड

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमच्या घरात लहानपणी जिनांच्या गोष्टी भरपूर चालायच्या, माझी खाला, म्हणजे मावशी, तर डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायची. मी मात्र तेव्हाही "तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं?" असं विचारून तिला भंडावून सोडायची. पुढे भूगोल शिकले, भोरमध्ये ज्युनियर कॉलेजला शिकवायला लागले आणि तो स्वभाव आणखी पक्का झाला. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं…

माझा एक छंद आहे. इंटरनेटवर जो मुक्त ज्ञानकोश असतो ना — कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं असा — त्याच्या मराठी आवृत्तीत मी संपादन करते. फुकट, हौसेने. भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या गावांची पानं मी सांभाळते. 'सांभाळते' म्हणजे मुख्यतः कचरा काढते. गावांच्या पानांची अवस्था फार वाईट असते हो. कुणी सरपंचाची स्तुती लिहून जातं, कुणी एका गावाचा मजकूर नुसतं नाव बदलून दुसऱ्या गावाला चिकटवतं. एका वाडीच्या पानावर तर 'येथील समुद्रकिनारा प्रसिद्ध आहे' असं होतं — वेल्ह्यात समुद्र! अशा वाक्याला पुरावा नसेल तर आम्ही शेजारी 'संदर्भ हवा' अशी खूण टाकतो आणि कुणीच संदर्भ दिला नाही तर वाक्य काढून टाकतो. आपल्याला माहीत आहे म्हणून काही लिहायचं नाही, कुठेतरी छापून आलेलं असलं पाहिजे, हा तिथला पहिला नियम. मी तो फार कडक पाळायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका छोट्या पानावर नजर गेली. भोरहून महामार्गाला येऊन नसरापूरवरून आत वळलं की मार्गासनी लागतं. तिथून वेल्ह्याकडे जाताना एका फाट्याला आत एक गाव आहे आणि त्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, गुरं-शेरडं पाळणाऱ्या लोकांची पाच-सात घरांची वस्ती. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या पानावर कुणीतरी नवीन मजकूर घातला होता —

'पावसाळ्यात दरड कोसळून ही वस्ती गाडली गेली. माणसं आदल्या सांजेलाच गुरं-शेरडं घेऊन खालच्या गावच्या शाळेत उतरली होती, म्हणून कुणी दगावलं नाही. वस्तीचा पाण्याचा झरा मात्र कायमचा बुजला.'

संदर्भ नाही. वर्ष नाही. लिहिणाऱ्याचं नाव नाही. खातं न उघडता लिहिणाऱ्याला तिथली यंत्रणा नुसता एक क्रमांक देते, तेवढाच. मी जुन्या बातम्या शोधल्या, काही सापडलं नाही. खूण टाकली, वाट बघितली, वाक्यं काढली.

ती परत आली. जशीच्या तशी. क्रमांक वेगळा. परत काढली, परत आली. 'सांजेला' हा शब्द बघून वाटायचं, कुणीतरी त्याच भागातलं माणूस असणार. मला राग यायला लागला होता. माझे मिस्टर रफिक यांचा टेम्पो आहे. मार्गासनीच्या बाजूला त्यांना एक भाडं होतं, तेव्हा मी म्हटलं, "मला त्या फाट्यावरून आत सोडा. फोटो काढून आणते आणि हा विषयच संपवते."

"एका वाक्यासाठी डोंगर चढणार तू?" ते म्हणाले. पण टेम्पो खालच्या गावात लावून माझ्याबरोबर वर आले.

वस्ती तिथेच होती. धडधाकट. कुडाची-पत्र्याची घरं, अंगणात बांधलेली करडं, एका दारात रवंथ करणारी म्हैस. आणि घरांच्या मागे कातळातून झुळझुळणारा झरा, त्यावर लावलेला पन्हाळीचा पाइप. मी ओंजळीने पाणी प्यायले. इतकं गार होतं की दात शिवशिवले.

वस्तीतले सगळ्यांत वयस्कर कोंडिबाबा आणि त्यांची बायको सोनाआजी. त्यांचा मुलगा धोंडू दूध घेऊन रोज खाली उतरतो. त्यांनी चहा दिला. मी कशाला आलेय ते सांगितलं आणि मोबाईलमध्ये साठवलेलं ते पान वाचून दाखवलं. हसतील असं वाटलं होतं.

सोनाआजी भडकल्या. "कुण्या मेल्यानं लिवलं हे? जित्या मानसांच्या घरावर दरड घालतोय!"

कोंडिबाबांनी मात्र विचारलं, "बाई, कंच्या साली झालं म्हून लिवलंय?"

"साल नाही लिहिलेलं, बाबा. कुणीतरी चेष्टा केलीय. मी काढून टाकणार आहे."

"काढा, काढा," आजी म्हणाल्या.

"काढून काय व्हतंय," कोंडिबाबा म्हणाले, पण हळू. माझ्याशी नव्हे, त्या झऱ्याकडे बघून.

वर नेटवर्क फक्त एका खडकावर उभं राहिलं तर येतं. म्हणून मार्गासनीला आल्यावर मी ती वाक्यं काढली, झऱ्याचा फोटो चढवला आणि खाली लिहिलं — प्रत्यक्ष पाहणी केली, वस्ती सुस्थितीत आहे. धोंडूदादाचा नंबर घेऊन ठेवला होता. त्यानंतर पान शांत झालं. कॉलेज सुरू झालं, पाऊस लागला, मी विसरून गेले.

जुलैमध्ये भोरमध्ये सलग पाऊस चालू होता. नीरा दुथडी भरून चाललेली, मुलं अर्धीच येत होती. स्टाफरूममध्ये बसून मी सहज मोबाईलवर माझी पानं चाळली — आणि ती तीन वाक्यं परत आलेली. क्रमांक नवा. आणि या वेळी मध्येच एक चौथं वाक्य होतं.

'त्याआधी झऱ्याला लाल पाणी आलं होतं.'

माझा हात 'काढा'वर गेला आणि थांबला. का ते नाही सांगता येणार. मी धोंडूदादाला फोन लावला. लागेना. परत परत लावला. दुसरा तास घेऊन आले तर त्याचाच मिस कॉल होता. मी लावला.

"बोला बाई," मागे पावसाचा आवाज, त्यात तो ओरडूनच बोलत होता. "खडकावर हाय म्या."

"दादा, सगळं बरं आहे ना? झरा… झऱ्याचं पाणी कसं आहे?"

तो म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं? आज सकाळीच लाल झालंय. गाळ येतोय निसता. आमी अजून खाली कुनाला बोललो न्हाई."

मी खुर्चीत बसले. भूगोलाची मास्तरीण म्हणून मला माहीत होतं की डोंगरातल्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं चांगलं लक्षण नाही. तेवढं मी सांगू शकत होते आणि सांगितलंही. पण ते पान? ज्या वाक्याला आगापिछा नाही, ते मी वाचून दाखवायचं? पाच-सात घरं भर पावसात लहान पोरं घेऊन डोंगर उतरणार, वाटेत कुणी घसरलं तर? आणि काहीच झालं नाही तर? शेवटी म्हटलं, "दादा, बाबांना खडकावर आणा. आत्ता."

थोड्या वेळाने फोन आला. कोंडिबाबांचा आवाज. "बाई, त्ये परत लिवलंय का?"

मी काहीच बोलले नव्हते अजून.

"हो बाबा."

"वाचा."

मी वाचलं. स्टाफरूममध्ये दोन जण माझ्याकडे बघायला लागले होते. पलीकडे पावसाचा आवाज.

"परत वाचा. त्ये शाळंचं."

"'माणसं आदल्या सांजेलाच गुरं-शेरडं घेऊन खालच्या गावच्या शाळेत उतरली होती…'"

"मंजी आमी उतरलो व्हतो असं लिवलंय."

"हो."

"मग उतराय पायजे," कोंडिबाबा म्हणाले. बस्. एवढंच. जणू मी एसटीची वेळ सांगितली होती.

मागून सोनाआजींचा आवाज आला, "मी न्हाई येनार. म्हस गाभण हाय, आज-उद्या व्यायची. तिला कुठं नेऊ असल्या चिखलात?" मग फोन त्यांनीच घेतला. "बाई, म्हशीचं काय लिवलंय?"

"म्हशीचं काही नाही लिहिलंय आजी."

"मंग मी हितंच. तुमी जावा सगळी."

मला रडू यायचं बाकी होतं. एक वाक्य, ज्याला मी स्वतः तीनदा कचऱ्यात टाकलं होतं, त्याचा मी आता वकिलासारखा कीस काढत होते. "आजी, ऐका ना… 'गुरं घेऊन' असं लिहिलंय. गुरं घेऊन उतरली."

त्या विचारात पडल्या. "म्हस गुरांतच आली की," म्हणाल्या आणि फोन कट झाला.

त्या संध्याकाळी सगळे उतरले. दोरीने म्हशीला धरून, पोरांना पाठीवर घेऊन, शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूदादाचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "बाई… वर काय न्हाई. घरं न्हाईत. झाडं न्हाईत. निसता लाल डोंगर उतरलाय."

रस्ता मोकळा झाल्यावर मी आणि रफिक गेलो. शाळेच्या खोलीत चूल मांडलेली, व्हरांड्यात म्हैस आणि तिच्या पायाशी रेडकू. सोनाआजींनी माझा हात धरला आणि सोडेचनात. मग आम्ही जरा वर गेलो. जिथे मी ओंजळीने पाणी प्यायले होते ती जागा दाखवता येईना. रफिक म्हणाले, "चल. इथे थांबू नकोस."

आता पुढचा भाग. मला जास्त त्रास याचा झाला.

भोरच्या एका साप्ताहिकात बातमी आली. तिच्यात ती चारही वाक्यं होती, अक्षरन् अक्षर, 'सांजेला'सकट. मी वार्ताहराला फोन केला. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, रस्ता बंद होता, तिथे जाता आलं नाही. तुमच्या त्या कोशातूनच उचललं." आणि काही दिवसांनी ज्ञानकोशात एका दुसऱ्या संपादकाने — ते विदर्भाकडचे आहेत, आमची ओळख ऑनलाइनच — तीच बातमी त्या वाक्यांना संदर्भ म्हणून जोडली आणि मी पुन्हा टाकलेली 'संदर्भ हवा'ची खूण काढून टाकली. म्हणजे कोशाचा आधार बातमी आणि बातमीचा आधार कोश. खाली जमीनच नाही.

मी चर्चापानावर लिहिलं की ही वाक्यं दरडीच्या आधीची आहेत, पानाचा इतिहास उघडून बघा, उन्हाळ्यातली नोंद आहे. लाल पाण्याचं वाक्य तर पाणी लाल व्हायच्या आदल्या दुपारचं आहे. त्यांनी बघितलं. इतिहास तिथेच आहे, कुणीही बघू शकतं. त्यांचं उत्तर आलं, "कुणीतरी खोडसाळपणे लिहिलं असेल, योगायोगाने खरं ठरलं. आता विश्वसनीय संदर्भ उपलब्ध आहे. चर्चा बंद करूया."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. वाक्य खरं आहे, छापून आलेलं आहे. मी काय भांडणार? ज्यांना तांत्रिक अधिकार असतात त्यांच्याकडून त्या क्रमांकांची चौकशी केली. ते म्हणाले, मोबाईलवरून आलेले असावेत, आज एकाकडे उद्या दुसऱ्याकडे जातात, यापलीकडे काही कळणार नाही. खालच्या गावात विचारलं. असं काही लिहिणारं कुणी नाही. वस्तीवर तर एकटा धोंडूदादा मोबाईल वापरतो, तोही फक्त बोलायला.

कॉलेजातले एक सर म्हणाले, डोंगराला आधीच भेगा असतील, कुणीतरी जाणकाराने बघून इशारा दिला असेल. असेल. पण इशारा देणारा माणूस 'कोसळेल' लिहितो. याने 'कोसळली' लिहिलं होतं. आणि माणसं शाळेत गेली होती हेही लिहिलं होतं… जी माणसं गेली ती ते वाक्य ऐकून गेली.

वस्तीला आता खालच्या अंगाला, सपाटीवर नवी जागा मिळाली आहे. गेल्या महिन्यात कोंडिबाबांचा निरोप आला, घराचं जोतं घालायचंय, तुमी या. मला वाटलं मान म्हणून बोलावलंय. गेले. आखणी झालेली, दगड येऊन पडलेले, गवंडी टोपली उपडी घालून बसलेला. पण कुणी कामाला हात लावलेला नव्हता. कोंडिबाबा माझ्याकडे आले.

"बाई, आदी त्ये उघडा. ह्या नव्या जाग्याचं काय लिवलंय का बघा."

मी समजावायचा प्रयत्न केला की ते असं नसतं, ते कुणीही लिहितं. सोनाआजी, धोंडू, पोरं, सगळे माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत होते. मी पान उघडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. ती चार वाक्यं, खाली संदर्भ. बाकी काही नाही.

"काही नाही लिहिलंय बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दगडांकडे बघितलं, वरच्या डोंगराकडे बघितलं आणि परत माझ्याकडे वळले.

"काय न्हाई लिवलं, मंजी बरं का वाईट?"

तुमच्यापैकी कुणाला याचं उत्तर येत असेल तर सांगा…