एक ते नऊचे अवयव

सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर देऊळघाटच्या मुलींना शिष्यवृत्ती परीक्षेचं गणित फुकट शिकवायचे. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हात सुधारला, बोलणं सुधारलं. डोकं पूर्वीसारखं चालतं का, ते कोणी सांगेना. त्यांनी मात्र वर्ग पुन्हा सुरू करायचा हट्ट धरला. नवऱ्याने निर्णय माझ्यावर ढकलला. चुकीचं शिकवलं तर नुकसान मुलींचं होणार, म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. एक ते नऊ अंक ओळीने लिहिले: १२३४५६७८९.

“मामाजी, याचे अवयव पाडा. मोबाइल वापरायचा नाही.”

“आता सून मास्तरचा पेपर काढून राह्यली,” ते म्हणाले आणि कागद ओढला.

अंकांची बेरीज पंचेचाळीस, म्हणून नवाने भाग तोंडीच दिला. उरले १३७१७४२१. मग तीन आठवडे जुन्या कॅलेंडरच्या पाठी भरत गेल्या. एकेक मूळसंख्या घ्यायची, भाग जात नाही म्हणून खोडायची. मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळतील. उलट ऑफिसातून आल्या आल्या मीच विचारायला लागले, कुठवर आलात? इतक्या सरळ दिसणाऱ्या संख्येच्या पोटात काय आहे, ते मलाही बघायचं होतं.

हजार गेले, तीन हजार गेले. एका रविवारी दुपारी हाक आली, “सूनबाई, सापडला! ३६०७. बाकी शून्य!”

कागदावर ३६०७ गुणिले ३८३० होतं. खाली ताळाही केलेला. दोन्हीकडच्या अंकांच्या बेरजा करत एका अंकावर आणायचं. जुळलं की गुणाकार बरोबर, असं त्यांनी जन्मभर शिकवलं. इथे जुळत होतं.

“पण मामाजी, ३८३० ला कशानेही गुणलं तरी शेवटी शून्यच येणार. आपल्याला एक हवाय.”

मला वाटलं, वर्गाचं काही खरं नाही. त्यांनी भागाकार पुन्हा मांडला. मधे द्यायचं शून्य आनंदाच्या भरात शेवटी गेलं होतं. ३८०३.

“जागा बदलल्यानं बेरीज थोडीच बदलते? ताळ्याले काय दिसणार, कपाळ!”

पटलं, पण चूक ती चूकच. मी अडून बसले. “अजून ३६०७ चे अवयव पाडायचे राहिलेत. ३८०३ चेही.”

“काऊन?” ते हसायलाच लागले. “त्याहीले लहान संख्येनं भाग गेला असता, तं मोठ्या संख्येलेही गेला असता. लहान सगळ्या मी खोडून बसलो न तीन हप्ते! तुह्या ऑफिसात असंच दुबार काम चालते वाटते.”

चालतं. आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी मी मुलींच्या घरी फोन लावले. वर्ग उद्यापासून. मामाजींना एकच अट घातली: फळ्यावर भागाकार मुलींनी करायचे, त्यांनी तपासायचे.